‘कडू पाणी’ आलं कुठून? चॉकलेट या शब्दाचं प्रकरण

महागड्या चॉकलेटच्या वेष्टनावर, कॅफेच्या मेनूकार्डावर आणि प्रश्नमंजूषेच्या पुस्तकात एक ठरलेलं वाक्य असतं: चॉकलेट हा अ‍ॅझ्टेक लोकांचा शब्द, मूळ रूप ‘शोकोलात्ल’, अर्थ ‘कडू पाणी’. वाक्य इतकं चपखल आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. कोको कडू असतो, पेय पाण्यात करत, म्हणजे कडू पाणी. संपला विषय.

या वाक्यात दावे तीन आहेत. शब्द कोणत्या भाषेतला, त्याचं मूळ रूप काय आणि त्याचा अर्थ काय. पहिला दावा बरोबर आहे. उरलेले दोन तपासाला टिकत नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, खऱ्या उत्तराच्या जवळ नेणारा पुरावा मेक्सिकोच्या राजधानीतल्या जुन्या शब्दकोशात सापडला नाही, तो सापडला पूर्वेकडच्या खेड्यांतल्या आजच्या बोलण्यात.

भाषा एक नाही

ज्याला आपण सर्रास ‘अ‍ॅझ्टेकांची भाषा’ म्हणतो ती नावात्ल. ती इतिहासजमा झालेली नाही. २०२० च्या जनगणनेत मेक्सिकोत साडेसोळा लाख लोक ही भाषा बोलणारे म्हणून नोंदले गेले. मात्र ‘ही भाषा’ असं एकवचन वापरणं जरा फसवं आहे. मेक्सिकोच्या देशी भाषांच्या राष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये जी सूची काढली, तिच्यात नावात्लचे ३० प्रकार आहेत, आणि त्यांतल्या दोन टोकांच्या गावांना एकमेकांचं बोलणं सहज कळेल अशी खात्री नाही. खाली एल साल्वादोरमध्ये त्याच घराण्यातली नावात आहे, ती आता मोजक्या वृद्धांच्या तोंडी उरली आहे. हे सगळं कुटुंब वर अमेरिकेतल्या होपी, कोमांची, यूट या भाषांशी नातं सांगतं.

पुढच्या तपासासाठी या भाषांच्या दोन सवयी माहीत हव्यात. पहिली उच्चाराची. मध्य मेक्सिकोत पाण्याला ‘आत्ल’ म्हणतात. यातला ‘त्ल’ हा एकच ध्वनी आहे, जीभ ‘त’च्या जागी टेकवून बाजूंनी हवा सोडायची. पुएब्लाच्या उत्तर डोंगररांगेत आणि एल साल्वादोरमध्ये हेच पाणी ‘आत’ होतं, मिचोआकानच्या बाजूला ‘आल’. पाणी तेच, शेपूट वेगळं.

दुसरी सवय नामांची. नावात्लमध्ये नाम एकटं उभं असलं की त्याला त्ल, त्ली किंवा ली असा प्रत्यय लागतो, आणि ते कुणाच्या मालकीचं झालं किंवा दुसऱ्या शब्दाला जोडलं गेलं की बहुधा गळून पडतो. घर म्हणजे ‘काल्ली’, माझं घर म्हणजे ‘नोकाल’. ‘ली’ गेला, ‘काल’ राहिला. हा ‘ल’ मूळ शब्दाचा आहे, प्रत्ययाचा नाही, एवढं लक्षात ठेवा. पुढे याच ‘ल’वर बराच खटला उभा राहणार आहे.

स्पॅनिश लोकांना शब्दाच्या शेवटी ‘त्ल’ म्हणता येईना, त्यांनी त्याचा ‘ते’ केला. तोमात्लचा तोमाते, आवाकात्लचा आग्वाकाते, कोयोत्लचा कोयोते, चटईला म्हणायच्या पेत्लात्लचा पेताते. आपला टोमॅटो याच वाटेने आला. आपल्या चिकूचं नावही ‘चिकोसापोते’ या नावात्लमधून घेतलेल्या स्पॅनिश शब्दावरून पडलं. तेव्हा स्पॅनिशमधलं ‘चोकोलाते’ पाहून त्यामागे ‘चोकोलात्ल’सारखं काहीतरी असावं, असा अंदाज बांधणं रास्तच. पण ते मागचं रूप पाण्याला ‘आत’ म्हणणाऱ्या बोलीतलं, ‘त’ने संपणारं असतं, तरी स्पॅनिशमध्ये त्याचा ‘ते’च झाला असता. म्हणजे स्पॅनिश रूपावरून शब्द कोणत्या गावचा ते ठरत नाही.

आंबट, कडू आणि एक जास्तीचा ‘ल’

आता ‘शोकोलात्ल’ हे रूप सोडवून पाहू. ते मांडणारे म्हणतात, शोकोक म्हणजे कडू, आत्ल म्हणजे पाणी.

शोकोक म्हणजे कडू नव्हे, आंबट. फादर आलोन्सो दे मोलिना यांच्या १५७१ च्या कोशात ते स्वच्छ लिहिलेलं आहे. हे मोलिना लहानपणी मेक्सिकोत आले आणि स्थानिक पोरांबरोबर खेळता खेळता नावात्ल शिकले, त्यामुळे आंबट-कडूत त्यांची गल्लत होण्याचा संभव नाही. कडूसाठी त्यांनी दिलेला शब्द ‘चिचिक’. आणि खरोखरच चिचिकला ‘आत्ल’ जोडून एक शब्द होतो, चिचिकात्ल. अर्थ आहे पित्त. नावात्ल बोलणाऱ्यांनी ‘कडू पाणी’ असा शब्द घडवला तेव्हा तो शरीरातल्या पित्तासाठी वापरला. राजाच्या पंगतीतल्या पेयासाठी कुणी तो वापरला असता तर त्याची खैर नव्हती.

पुढची अडचण ‘ल’ची. शोको आणि आत्ल जोडून ‘शोकोआत्ल’ व्हायला हवं, मध्ये ‘ल’ घुसायचं कारण नाही. आंबवलेल्या मक्याच्या पेजेला आजही मेक्सिकोत शोकोआतोले म्हणतात. तिथे शोको म्हणजे आंबटच आहे आणि ‘ल’ चा मागमूस नाही.

तिसरी अडचण ‘श’ची. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिशमध्ये ‘श’ होता, त्यामुळे ऐकलेला ‘श’ बदलून ‘च’ करायची त्यांना गरज नव्हती. शितोमात्लचा आधी शितोमाते झाला आणि पुढे स्पॅनिशचाच उच्चार बदलला तेव्हा खितोमाते. श चा च झाल्याची तुरळक उदाहरणं आहेत, म्हणून केवळ या मुद्द्यावर मी निकाल देणार नाही. पण शेवटचा मुद्दा निर्णायक आहे: ‘शोकोलात्ल’ हे रूप वसाहतकाळातल्या कुठल्याच जुन्या लिखाणात आढळत नाही. ते नंतरच्या लोकांनी, अर्थ जुळवण्यासाठी, उलट्या बाजूने घडवलं आहे. लोकव्युत्पत्तीचं, म्हणजे शब्दाला लोकांनी मागून चिकटवलेल्या मुळाचं, याहून सुबक उदाहरण शोधूनही मिळायचं नाही.

गैरहजर शब्द

मग ‘चोकोलात्ल’ तरी सापडतं का? इथे प्रकरण खरं रंगतं, कारण जिथे ते हमखास असायला हवं तिथेच ते नाही.

मोलिना यांच्या कोशात कोकोच्या बियांना ‘काकावात्ल’ आहे. तिखट घालून, वाळवलेली फुलं वाटून घालून केलेल्या पेयांची नावंही त्याच शब्दाला विशेषणं जोडून दिली आहेत. चोकोलात्ल नाही. फादर बेर्नार्दिनो दे सहागुन यांनी स्थानिक जाणकारांना विचारून जो प्रचंड ग्रंथ १५७७ च्या सुमारास पुरा केला, त्यात तर राजाला जेवणानंतर काय काय पाजत याची यादीच आहे: मधाचा कोको, फुलांचा कोको, व्हॅनिलाचा, लाल, काळा, पांढरा. त्याच ग्रंथात उत्तम पेय विकणारी बाई कशी असते तेही आहे. ती बिया वाटते, भिजवते, गाळते, उंचावरून ओतून हवा भरते, वर फेस धरवते. वाईट विक्रेती मक्याचं पीठ आणि पाणी घालून माल वाढवते. भेसळीचं वर्णन वाचून आपल्याकडचा कुठलाही दूधवाला ओशाळेल. इतकं सगळं आहे, आणि चोकोलात्ल एकदाही नाही.

शब्द पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो फ्रान्सिस्को एर्नांदेस यांच्या लेखनात. हे राजा फेलिपे दुसरा याचे वैद्य. औषधी वनस्पतींची नोंद करायला त्यांना मेक्सिकोला धाडलं होतं, आणि १५७७ पर्यंत त्यांनी ते काम केलं. कोकोच्या निरनिराळ्या पेयांपैकी एकाला ते चोकोल्लात्ल म्हणतात. कृती अशी: कोकोच्या बिया आणि पोचोत्लच्या बिया समसमान घ्यायच्या, वाटायच्या, भांड्यात घालून लाकडी रवीने वरचा तवंग सुटेपर्यंत घुसळायचं. पोचोत्ल हे आपल्या पांढऱ्या सावरीच्या जातकुळीतलं झाड. म्हणजे एर्नांदेस यांच्या लेखी चोकोलात्ल हे कोकोच्या सगळ्या पेयांचं नाव नव्हतं. अर्धा माल सावरीच्या बियांचा असलेल्या एका विशिष्ट, घुसळलेल्या पेयाचं ते नाव होतं.

१५९० मध्ये होसे दे आकोस्ता यांचं पुस्तक सेव्हियाला छापून निघालं तोवर ‘चोकोलाते’ हे कोकोच्या पेयाचं सर्वसाधारण नाव झालेलं दिसतं. त्या भागात या पेयाचं केवढं वेड आहे ते पाहून आकोस्ता चकित झाले होते, आणि वरचा फेस पाहून सवय नसलेल्याला शिसारी येते असंही त्यांनी लिहून ठेवलं. एका पेयाचं नाव वीसेक वर्षांत सगळ्या जातीला चिकटलं. ही वाढ पुढेही थांबली नाही. मराठी घरात वाढदिवसाला वर्गात वाटायची लिंबाच्या चवीची कडक गोळीसुद्धा ‘चॉकलेट’च असते आणि तिच्यात कोकोचा कणही नसतो.

संशयित

मधल्या काळात बऱ्याच जणांनी तर्क लढवले. टॉमस गेज या इंग्रज प्रवाशाने १६४८ मध्ये लिहिलं की पेय ढवळताना ‘चोको चोको चोको’ असा आवाज येतो, त्याला पाणी जोडलं की झालं. ऐकायला मजेशीर, पण आवाजावरून कुठल्याही शब्दाची अशी उपपत्ती लावता येते.

विसाव्या शतकात इग्नासिओ दाविला गारिबी यांनी संकर सुचवला: माया भाषेतला ‘चोकोल’, म्हणजे गरम, आणि नावात्लचं आत्ल. मेक्सिका, म्हणजे अ‍ॅझ्टेक, लोक हे पेय थंड पीत, स्पॅनिशांना गरम आवडू लागलं, आणि युकातानमध्ये माया लोक गरम पेय पीतच होते. इतिहासाच्या दृष्टीने हा तर्क ‘कडू पाण्या’पेक्षा कितीतरी बरा. ‘ल’ची सोयही लागते. अडचण इतकीच की एर्नांदेस यांच्या चोकोलात्लची ओळख गरमपणा नाही, घुसळणं आणि सावरीच्या बिया ही आहे. दोन भाषांची अशी मोट कुणी बांधली तर का बांधली, हेही स्पष्ट होत नाही.

खेड्यांतला ‘इ’

२००० साली कारेन डाकिन आणि सोरेन विखमन या दोन भाषाशास्त्रज्ञांनी प्राचीन मेसोअमेरिकेला, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जुन्या संस्कृतींच्या प्रदेशाला, वाहिलेल्या एका नियतकालिकात लेख लिहिला आणि प्रकरणाची दिशा बदलली. त्यांनी जुने कोश पुन्हा उलटण्याऐवजी आजच्या बोली तपासल्या. पूर्वेकडच्या काही नावात्ल बोलींत त्यांना शब्द मिळाला तो चोकोलात्ल नव्हे, चिकोलात्ल. पहिल्याच अक्षरात ओ ऐवजी इ.

या एका स्वराने सगळ्या अडचणी एका रांगेत लागतात. मोलिना यांच्या कोशात ‘चिकोल्ली’ आहे, अर्थ लाकडी आकडा, वाकडी काठी. जोडताना ‘ली’ गळतो आणि उरतो ‘चिकोल’, अगदी काल्लीचा काल होतो तसा. त्याला आत्ल जोडलं की चिकोलात्ल. आगंतुक वाटणारा ‘ल’ मूळ शब्दाचाच निघाला. ‘च’ मुळातच आहे, श मधून आणायचा प्रश्न नाही. आणि अर्थ लागतो ‘काठीचं पाणी’: टोकाला फाटे असलेली काठी, जी पेयात बुडवून फिरवत. एर्नांदेस यांच्या कृतीतलं घुसळणं इथे नावातच उतरलेलं दिसतं.

इ चा ओ कसा झाला? पुढच्या अक्षरात ओ आहे, त्याच्या ओढीने मागचा स्वर बदलणं भाषांमध्ये नेहमीचं. उलटा प्रवास, म्हणजे चोको-चा चिको- होणं, असं सहज समजावता येत नाही. म्हणून इ-रूप जुनं धरणं सयुक्तिक.

आक्षेप आहेत आणि त्यांतला एक वजनदार आहे. स्पॅनिश विजयापूर्वीच्या चित्रांत आणि वर्णनांत फेस काढायची पद्धत उंचावरून ओतण्याची आहे. एक बाई उभी राहून खालच्या भांड्यात धार सोडते आहे, हे चित्र हस्तलिखितांत आहे, माया फुलपात्रांवरही आहे. दोन तळहातांत धरून फिरवायची, खाचा असलेली लाकडी रवी स्पॅनिश काळात आली असं बहुतेक अभ्यासक मानतात. मोलिना यांच्या कोशात ती नाही. मग रवी नसताना काठीवरून नाव कसं पडेल?

माझं मत असं की या आक्षेपात कारागिराने घडवलेली रवी आणि रानातली फाटेदार काटकी यांची सरमिसळ झाली आहे. कोकोच्या सरंजामात ढवळायच्या काड्यांचा उल्लेख सहागुन यांच्याकडे आहे. राजाच्या पंगतीत धार सोडून फेस काढत असतील, म्हणून कोको पिकवणाऱ्या गावात कुणी काटकी फिरवतच नसेल, असं म्हणता येत नाही. शिवाय चित्रं आणि ग्रंथ दोन्ही मुख्यतः राजधानीच्या परिसरातले किंवा दरबारातले. राजधानीभोवतीच्या मेक्सिको खोऱ्यातल्या नावात्लला पुढे ‘अभिजात’ म्हणायला लागले आणि बाकीच्या बोली तिच्या मोडक्या आवृत्त्या ठरल्या. मालवणी माणसाच्या घरातला शब्द पुणेरी कोशात नाही म्हणून तो शब्दच नाही म्हणावं, तसा हा प्रकार.

कोको तर खोऱ्यात पिकतच नव्हता, तिथे थंडी फार. तो यायचा खालून, उष्ण किनाऱ्यावरून. शोकोनोच्को प्रांताने मेक्सिकाला देण्याच्या खंडणीत २०० ओझी कोको होता, आणि एका ओझ्यात २४,००० बिया. पुढे स्पॅनिश अमलात आजच्या एल साल्वादोरमधला इसाल्कोचा भाग, जिथे नावात बोलत, कोकोसाठी प्रसिद्ध झाला. कोको पिकवणारे, विकणारे आणि रोज पिणारे लोक राजधानीची बोली बोलत नव्हते. पेयाचं नवं नाव त्यांच्याकडून आलं असेल तर मोलिना आणि सहागुन यांच्याकडे ते नसणं हे कोडं राहत नाही. तसंच व्हायला हवं होतं.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की खेड्यांतलं चिकोलात्ल हे स्पॅनिश चोकोलातेचंच अपभ्रष्ट रूप असेल. शक्य आहे. पण अपभ्रंश झाला आणि तो नेमका अशा रूपात स्थिरावला की जे त्या भाषेच्या समासनियमात चपखल बसतं, काठीचा जुना शब्द आत बाळगतं आणि एर्नांदेस यांच्या कृतीशी जुळतं, हे मानायला मला फार योगायोग लागतात.

कोकोचा शब्द कुणाचा

त्याच लेखात डाकिन आणि विखमन यांनी आणखी एक दावा केला, आणि तो मात्र मला पटत नाही. काकावात्ल हा शब्दही मुळात नावात्लच्या कुटुंबातलाच, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी १९७६ मध्ये लाइल कॅम्बेल आणि टेरेन्स कॉफमन यांनी ‘काकावा’ हा शब्द मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरच्या मिशे-सोके भाषांतला असल्याचं मांडलं होतं. तिथेच या प्रदेशातली फार जुनी ओल्मेक संस्कृती नांदली. २००७ मध्ये कॉफमन आणि जॉन जस्टेसन यांनी त्याच नियतकालिकात डाकिन-विखमन यांना सविस्तर उत्तर दिलं आणि मिशे-सोके मूळच पुन्हा उचलून धरलं.

काळाचा पुरावाही बोलका आहे. ग्वाटेमालातल्या रिओ आसुल इथे १९८४ मध्ये एका थडग्यात मळसूत्री झाकणाचं, वर कडी असलेलं मातीचं भांडं निघालं. ते इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं. त्यावर माया लिपीत, माशाच्या आकाराच्या चिन्हाने, ‘काकाव’ लिहिलं आहे. डेव्हिड स्टुअर्ट यांनी ते वाचलं, आणि भांड्यातला थर हर्शी कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासला तेव्हा कोकोची रसायनं सापडली. लेबल आणि माल दोन्ही जुळले. पाचव्या शतकात माया लोकांकडे हा शब्द इतका रुळलेला असेल तर तो उत्तरेकडून आलेल्या नावात्लभाषकांनी दिला, हे सिद्ध करायला फार आटापिटा करावा लागतो. त्यापेक्षा नावात्लने तो शेजाऱ्यांकडून घेऊन आपला ‘त्ल’ लावला हे सरळ आहे.

राहिला एक खट्याळ तर्क. स्पॅनिशमध्ये ‘काका’ म्हणजे लहान मुलांच्या बोलीतली शी. तपकिरी, दाट पेयाला ‘काका’ने सुरू होणारं नाव नको म्हणून स्पॅनिशांनी काकावात्ल टाकून चोकोलाते उचललं, असं मायकेल को यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकानेही सुचवलं आहे. मला हे पटत नाही, आणि कारण शेंगदाणा आहे. जमिनीखाली पिकतो म्हणून नावात्लमध्ये त्याला ‘त्लालकाकावात्ल’ म्हणत, त्लाल्ली म्हणजे जमीन, तिच्यातला कोको. स्पॅनिशांनी पुढचा ‘त्लाल’ उडवला आणि नेमका ‘काका’ ठेवला. मेक्सिकोत आजही शेंगदाण्याला काकावाते म्हणतात, स्पेनमध्ये काकावेते, आणि फ्रेंचांनीही तोच शब्द उचलून काकावेत केला, खुद्द त्यांच्या भाषेत काकाचा अर्थ तोच असताना.